लांबी लाटण्याची, रुंदी पोळपाटाची

लाकडाच्या लेथची, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायच्या यंत्राची, माहितीपत्रकं कमाल आकड्यांनी भरलेली असतात. जास्तीत जास्त किती व्यासाचं लाकूड फिरेल, किती लांबीचं बसेल, मोटर किती हॉर्सपॉवरची, वेग किती हजारांपर्यंत जाईल. वाचणाराही कमालच वाचतो. मिशिगनमधल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये पहिला लेथ आणायचा असं ठरल्यावर मी रोज जेवण झालं की ही पत्रकं चाळत बसायचो. चाळता चाळता ध्यानात आलं, की मला हवा असलेला आकडा बहुतेक ठिकाणी खालच्या एखाद्या ओळीत दडलेला असतो. हा लेथ कमीत कमी किती वेगाने फिरतो?

लेथ मला नवा नव्हता. माझ्या पिढीच्या मेकॅनिकलवाल्या कुणालाच तो नवा नसतो. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये खाकी बॉयलर सूट घालून, किर्लोस्करच्या लेथसमोर आळीपाळीने उभं राहून आम्ही सगळ्यांनी तेच ते जॉब केलेत: फेसिंग, प्लेन टर्निंग, स्टेप टर्निंग आणि वरती शोभेला नर्लिंग. हरिहरला १९४१ साली म्हैसूर किर्लोस्कर निघाली आणि पुढच्या काळात त्यांचे लेथ गावोगावच्या कारखान्यांत नि कॉलेजांत जाऊन बसले. त्या यंत्रावर हत्यार टूलपोस्टमध्ये घट्ट आवळलेलं असतं. आपण फक्त चाक फिरवायचं, बाकीचं काम स्क्रू करतो. सर आले की व्हर्नियर लावून दशांश काढणार आणि मार्क कापणार.

लाकडाच्या लेथवर हत्यार हातात असतं. समोर लोखंडाची एक आडवी पट्टी असते, टेकू म्हणा हवं तर. तिच्यावर पटाशी टेकवायची, मूठ कमरेशी धरायची आणि हात नाही, अख्खं अंग हलवायचं. मापाचं म्हणाल तर आज गोल कातलेली ओली वाटी उद्या सकाळी थोडी लंबगोल झालेली असते, कारण लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जास्त आकसतं आणि वलयांना आडव्या दिशेने कमी. व्हर्नियरला इथे काही कामच नाही. लेथवर हात बसलेले इंजिनिअर मित्र ‘अ‍ॅक्युरसी किती?’ असं विचारतात, तेव्हा काय उत्तर द्यावं हे मला अजून सुचलेलं नाही.

तर मग मापं ठरवायची कशावरून? अमेरिकेत लेथचं माप दोन आकड्यांत सांगतात. पहिला स्विंग, म्हणजे बेडला, लेथच्या खालच्या आडव्या बैठकीला, न घासता फिरू शकेल तो मोठ्यात मोठा व्यास. दुसरा, दोन टोकांमधलं अंतर. ब्रिटिश पत्रकांत कधी कधी व्यासाऐवजी बेडपासून केंद्राची उंची देतात, त्यामुळे इथला १२ इंची लेथ तिथे ६ इंची होतो आणि नवखा माणूस तो खेळण्यातला समजून पुढे सरकतो. शिवाय टेकूचा पाया बेडवर बसतो तिथे आणखी दोन-अडीच इंच जातात. लांबीतही तेच. लाकूड दोन्ही टोकांना धरणारे टोकदार सेंटर बसवले की कागदावरचे १६ इंच प्रत्यक्षात १६ राहत नाहीत.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि लाटणं मोजलं. आपल्या घरांत कातीव वस्तू किती असतात, हे लेथ घ्यायला निघेपर्यंत डोळ्यांत भरत नाही: लाटणं, रवी, भोवरा, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब, भातुकलीतलं जातं आणि उखळ. अमेरिकन लाटणं जाडजूड असतं, त्याच्या मुठी वेगळ्या फिरतात. आपलं एकाच लाकडाचं, मधे किंचित पोट, टोकांना निमुळतं. आमच्या घरातलं १४ इंच भरलं. पोळपाट १० इंच. म्हणजे स्विंग १२ इंच आणि टोकांमधलं अंतर २० इंच असलं की घर भागलं. या मापाच्या लेथला इथे मिडी म्हणतात. टेबलाचे पाय कातायचे तर हा बेड पुरत नाही, वेगळा जोडबेड लावावा लागतो. पण मला टेबलाचे पाय करायचेच नव्हते.

व्हिडिओ कॉलवर हे सगळं आईला सांगितलं.

‘अरे, लाटणं इथे शंभर-दीडशेला मिळतं,’ ती म्हणाली. ‘त्याच्यासाठी एवढं मोठं मशीन?’

‘लाटण्यासाठी नाही गं घेत. लाटण्याच्या मापावरून घेतोय.’

‘एकच आहे ते,’ असं म्हणून तिने विषय मुलांच्या परीक्षेवर नेला.

मापं ठरली, वेग राहिला. आणि खरी मेख तिथेच आहे.

लाटणं कातणं सोपं. चौकोनी पट्टी, दोन टोकांत धरलेली, सगळीकडून साधारण सारखी. वाटी किंवा मोठा वाडगा करायचा तर ओंडक्याचा अर्धा तुकडा लेथवर चढतो. एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला गाभा. एकीकडे गाठ, एकीकडे जास्त ओल. त्याचा गुरुत्वमध्य आपण मधोमध समजतो तिथे कधीच नसतो. समजा, १०० ग्रॅमचा असमतोल केंद्रापासून १२ सेंटिमीटरवर आहे. मिनिटाला २५० फेऱ्यांना तो लेथला साधारण पाऊण-एक किलोच्या जोराने ओढतो. वेग दुप्पट, ५०० केला, की ओढ चौपट, म्हणजे सव्वातीन किलोच्या वर. १००० फेऱ्यांना १३ किलोच्याही पुढे, आणि तीही दर सेकंदाला सोळा वेळा दिशा बदलून. हा तोच बारावीतला ओमेगा-वर्ग. १०० ग्रॅम म्हणजे एक मध्यम कांदा. लेथ स्वतः ५०-५५ किलोंचा असेल तर त्या कांद्याने तो स्टँडसकट जमिनीवर सरकायला लागू शकतो.

कातारी लोकांचा एक ठोकताळा आहे. लाकडाचा व्यास इंचांत घ्या, त्याला वेगाने गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवा. १० इंची वाडग्याला ६०० ते ९००. पण हा हिशोब लाकूड गोल झाल्यानंतरचा. गोल होण्याआधी त्याहून बरंच खाली सुरुवात करायची, थरथर जाणवेपर्यंत हळूहळू चढवायचं आणि मग एक पाऊल मागे यायचं. ज्या लेथचा किमान वेगच ६०० किंवा ७०० आहे त्यावर ही सुरुवात करायला जागाच नाही. अशा लेथचा २० इंची स्विंग असला तरी तो दाखवायला.

आपल्याकडच्या जुन्या कातारी कामात हा प्रश्न नव्हता, कारण वेग माणसाच्या हातात होता. शब्दशः हातात. लाकडाला दोरीचे वेढे द्यायचे, जोडीदाराने दोरीची टोकं आलटून पालटून ओढायची, लाकूड एकदा सुलटं फिरणार, एकदा उलटं. पटाशी फक्त सुलट्या फेरीला लागायची. इंग्लंडमध्ये हाय विकमच्या आसपासच्या बीचच्या जंगलांत खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीरही हेच करत. तिथे जोडीदाराऐवजी वाकवलेली लवचिक काठी दोरी परत ओढून घ्यायची. सावंतवाडीच्या चितार आळीत मिळणारी लाकडी फळं, भातुकलीचे संच, पाट यांच्या मागे अशाच हातांची परंपरा आहे. आता बहुतेक सगळीकडे मोटर आली. पण फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, हे तंत्र तेच आहे. मला बेसमेंटमध्ये लाख लावायची इच्छा अजून आहे. तो लेख वेगळा होईल.

बाजारात पहिल्या लेथच्या शोधात निघालेल्या माणसासमोर साधारण चार वाटा येतात. एक शॉपस्मिथ. १९४७ साली निघालेलं हे यंत्र एकातच करवत, ड्रिल, सँडर आणि लेथ होतं, आणि अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या घराच्या सामान-विक्रीत ते हमखास दिसतं. जागा वाचते म्हणून बेसमेंटवाल्याला मोह होतो. पण त्याच्या सर्रास दिसणाऱ्या मार्क फाइव्ह मॉडेलचा किमान वेग ७०० आहे. करवतीला ठीक, ओल्या ओंडक्याला नाही. दुसरी वाट जुन्या बिडाच्या लेथची. पट्ट्याच्या चार टप्प्यांच्या पुलीवर चालणारे, आपल्या-तुपल्याला पुरून उरतील असे. वजनदार असल्यामुळे थरथर पिऊन टाकतात, पण खालचा टप्पा बऱ्याचदा नऊशे-हजारच्या घरात. हौशी लोक त्यांना जुन्या ट्रेडमिलची डीसी मोटर लावतात आणि वेग पाहिजे तेवढा उतरवतात. ज्यांना वायरिंगशी खेळायला आवडतं त्यांनी जरूर करावं. मला लेथ दुरुस्त करायचा नव्हता, लाकूड कातायचं होतं.

तिसरी वाट मी प्रत्यक्ष पाहायला गेलो. एका निवृत्त टूलमेकरच्या गॅरेजमध्ये १२ बाय ३६ चा लेथ विकायला होता. आजोबांनी आधी मशीन चालू केलंच नाही. पट्टा काढला आणि स्पिंडल, म्हणजे लाकूड फिरवणारा दांडा, बोटाने फिरवून मला म्हणाले, कान लाव. बेअरिंगमध्ये खरखर असेल तर पट्ट्याच्या आवाजात ती बुडते, पट्टा काढला की ऐकू येते. नव्हती. मग टेलस्टॉक, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणारा सरकता भाग, पुढे सरकवत मोटरच्या बाजूच्या हेडस्टॉकला आणून भिडवला. दोन्ही सेंटरची टोकं समोरासमोर आली, एकमेकांवर अचूक टेकली. ही टोकं चुकली तर ड्रिलने पाडलेलं भोकही वाकडं जातं. शेवटी खिशातून पाच सेंटचं नाणं काढलं, हेडस्टॉकवर कडेवर उभं केलं आणि बटण दाबलं. नाणं उभं राहिलं. मी मनातल्या मनात पैसे मोजायला लागलो होतो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, काय करणार यावर? वाडगे, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. याचा किमान वेग ६०० आहे, म्हणाले, आणि वेग बदलतो तो पुलीचे शंकूसारखे दोन अर्धे भाग जवळ-लांब करून. तोही मशीन चालू असतानाच बदलायचा, बंद असताना दांडा ओढला तर आतलं काहीतरी तुटतं. म्हणजे मागचा माणूस जोरात कातून बंद करून गेला असेल, तर पुढच्याने बटण दाबताच लाकूड त्याच वेगाने सुरू होणार. खुर्चीचे पाय करणार असशील तर आत्ता घेऊन जा, वाडग्यांसाठी नको. विकणारा माणूस असं बोलतो तेव्हा ऐकावं.

चौथी वाट इलेक्ट्रॉनिक वेग-नियंत्रणाचा मिडी लेथ. मी शेवटी तोच घेतला. जेट कंपनीचा १२ बाय २१, एक हॉर्सपॉवरचा, वेग ६० पासून ३६०० पर्यंत. ६० म्हणजे सेकंदाला एक फेरी. इतक्या हळू कातता येत नाही, पण लाकूड कुठे लागतंय, टेकू कुठे अडतोय, लाकूड पकडणारा चक नीट आवळला आहे ना, हे डोळ्यांनी बघता येतं. हा आकडा कुणी कौतुकाने सांगत नाही. अशा लेथलाही आत पट्ट्याचे तीन टप्पे असतात हे मात्र ध्यानात ठेवायचं. पट्टा वरच्या टप्प्यावर ठेवून नुसत्या बटणाने वेग उतरवला तर मोटरमध्ये दम राहत नाही, पटाशी टेकवली की लाकूड थांबतं. पट्टा खालच्या टप्प्यावर आणायला दोन मिनिटं लागतात. ती द्यावीत.

आता बेसमेंट. गॅरेजमध्ये लेथ लावणाऱ्याला जे प्रश्न पडत नाहीत ते तळघरात पडतात. पहिला जिन्याचा. व्यावसायिक कामाचे लेथ तीनशे किलोंच्या आसपास असतात. ते खाली न्यायचे तर सुटे करून, चार माणसं आणि बऱ्याच शिव्या लागतात. मिडी लेथ दोघांनी धरून उतरतो. दुसरा विजेचा. अमेरिकेतल्या साध्या प्लगवर एक हॉर्सपॉवरची मोटर आरामात चालते, दोन किंवा अधिक म्हटलं की बहुधा २२० व्होल्टची वेगळी लाइन ओढायला इलेक्ट्रिशियन बोलवावा लागतो. वजन कमी असल्याचा तोटा स्टँडवर भरून काढला. खालच्या फळीवर वाळूच्या पिशव्या रचल्या. स्पिंडलची उंची कोपराएवढी ठेवली, नाहीतर तासाभराने पाठ बोलायला लागते.

पण तळघरातली खरी अडचण म्हणजे तिथे आपण एकटे नसतो. घर गरम ठेवणारी भट्टी असते, पाणी तापवायचा गॅसचा बंब असतो. भट्टीचा पंखा तळघरातली हवा ओढतो आणि घरभर वाटतो, बाळाच्या खोलीतसुद्धा. ओल्या लाकडाचे लांब ढलपे निरुपद्रवी, झाडूने गोळा होतात. त्रास सँडिंगच्या पिठाचा. लाकडाची बारीक धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकली आहे. सँडपेपर हातात घेतला की मास्क तोंडाला, धूळ ओढणारा पाइप लाकडापाशी आणि भट्टीचा पंखा बंद, हा आमच्या घरचा कायदा. तो बायकोने केला आणि बरोबर केला. फवारायचं लॅकर तळघरात नाहीच. त्याच्या वाफा जमिनीलगत पसरत बंबाच्या ज्योतीपर्यंत पोचू शकतात. तेलाने पुसलेल्या चिंध्या गोळा करून कचऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं किंवा टंगचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळा असेल तर ती आतच साठते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. एकेक पसरून बाहेर वाळवायची किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकायची.

कपड्यांचं वेगळं सांगायला नको, पण सांगतो. लांब बाह्या, ओढणी, मंगळसूत्र, जानवं, सगळं वर ठेवून खाली यायचं. हातमोजे तर मुळीच नकोत. पटाशी घसरली तर कापेल, पण मोजा अडकला तर लेथ हात घेऊन जाईल. तोंडावर पूर्ण झाकणारी पारदर्शक ढाल. १० इंची वाडग्याची कड १००० फेऱ्यांना ताशी जवळजवळ ५० किलोमीटरने धावत असते. तिथून सुटलेला ढलपा चष्म्याला जुमानत नाही.

पैशांचा भाग थोडक्यात. लेथची किंमत ही अर्धीच किंमत धरावी. उरलेली अर्धी चार जबड्यांचा चक, पटाश्या आणि ग्राइंडर खातात. ग्राइंडर सगळ्यात आधी घ्यावा, कारण लेथवर लाकूड इतक्या लांबीने पटाशीखालून जातं की दर दहा-पंधरा मिनिटांनी धार लावावी लागते. बोथट पटाशीने कातणारा माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की पटाशी रुतते.

लाकडाला इथे तोटा नाही, आणि त्यामागे एक वाईट गोष्ट आहे. २००२ साली डेट्रॉइटच्या जवळ एक हिरवा चकचकीत भुंगा सापडला, आशियातून सामानाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा असं मानतात. त्याच्या अळ्या अ‍ॅश नावाच्या झाडांच्या सालीखाली नागमोडी बोगदे पाडतात आणि झाडाचा अन्नपुरवठा तुटतो. कोट्यवधी झाडं गेली. आमच्या भागातल्या रस्त्यांवरची अ‍ॅशची अख्खी रांग नगरपालिकेने तोडली, त्यातले शेवटचे ओंडके मला मिळाले. साल सोलली की बोगद्यांची नक्षी दिसते, सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी भोकं. ही लाकडं गावाबाहेर नेऊ नयेत असं सगळीकडे सांगत असतात, म्हणून माझे वाडगे गावातच कातले जातात आणि ढलपे गावातच कुजतात. ओला वाडगा आधी जाडच ठेवायचा, व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढा. मग कागदी पिशवीत काही महिने वाळवायचा, आणि वाकडा झाला की पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा.

अ‍ॅश वाडग्याला उत्तम, लाटण्याला नाही. त्याच्या वलयांत उघडी छिद्रं असतात, त्यांत कणीक जाऊन बसते. लाटणं मी हार्ड मेपलचं केलं. घट्ट, बारीक पोताचं, वास नसलेलं. गावी जाणाऱ्या एकांच्या बॅगेतून आईकडे पाठवलं. तिने त्यावर पोळ्या लाटल्या आणि निकाल दिला: ‘छान आहे, पण पोट जास्त झालंय. पोळी कडेला जाड राहते.’ दुसरं बारीक केलं. तेही आता तिच्याकडे आहे.

पोळपाट अजून व्हायचाय. १० इंची अखंड फळी मिशिगनच्या हिवाळ्यात, भट्टी रात्रंदिवस चालू असताना, वाकल्याशिवाय राहत नाही, म्हणून मेपलच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून क्लॅम्पमध्ये आवळल्यात. पायांवरून वाद चालू आहे. आई म्हणते तीन पाय हवेत, तिच्या आईच्या पोळपाटाला तीनच होते. बायको म्हणते पाय नकोतच, ओट्यावर घसरतात, खाली रबर लाव. तीन पायांवर वस्तू कधी डुगडुगत नाही, असं मी मधे म्हणून पाहिलं. तर दोघींनीही मला, तुला पोळ्या लाटायच्या आहेत का, असं एकाच वेळी विचारलं.